बाबांच्या खोलीतला पंखा

४ एप्रिल
बाबांच्या खोलीतला पंखा मंदावलाय. फिरताना पाती मोजता येतात. बाबांनी चाळीस वर्षं मोटारींचं वायंडिंग केलं, पण अर्धांगवायू झाल्यापासून अंथरुणाला खिळलेत आणि एका वाक्याला अर्धा तास घेतात. आज वर बोट करून "पंख्याचा... पंख्याचा..." सुरू झालं. म्हटलं, बाबा, दमू नका, मी बघतो. घरातला कर्ता मी. रविवारी निकाल लावणार.

७ एप्रिल, रविवार
पाती पुसली. बोटभर धूळ, सगळी बाबांच्या चादरीवर. बायको म्हणाली, आधी काहीतरी झाकायचं. खाली उभं राहून सुचतंच, शिडीवर मी होतो. फरक शून्य. नवा रेग्युलेटर बसवला. तरी शून्य. बायको म्हणते वायरमनला बोलवा. वायरमन आधी बिघडवतो, मग दुरुस्त करतो. मला कुणी शिकवू नये.

९ एप्रिल
बेअरिंगमध्ये तेल सोडलं. ते थेंब थेंब बाबांच्या बनियनवर. बाबांनी बोटाला लावून वास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले. समाधान वाटलं असावं.

१२ एप्रिल
पंखा उतरवला. व्हिडिओतला माणूस बारा मिनिटांत उघडतो, मला तीन तास लागले. व्हिडिओ फसवे असतात. सगळे भाग ताटात मांडलेत. आता मूळ प्रश्न: हाच दुरुस्त करायचा, यातच नवी मोटार घालायची, की सरळ रिमोटवाला आणायचा? घाईघाईत निर्णय घेणारा मी नव्हे. अकरा पंख्यांचा तक्ता करायला घेतला.

१५ एप्रिल
उकाड्याने जीव नकोसा झालाय. बायको म्हणते आपल्या खोलीतला टेबलफॅन बाबांना द्या. दिला असता. पण अशा पेशंटला समोरून वारं चांगलं नाही, असं कुठेतरी वाचलंय. शिवाय मला सकाळी ऑफिस असतं, रात्री झोप हवी. ती दुपारभर बाबांना पुठ्ठ्याने वारा घालते. माझ्याशी बोलणं बंद. तेवढाच तक्ता पुढे सरकला.

१९ एप्रिल
नर्सबाई आल्या होत्या. घामाने बाबांच्या पाठीचं कातडं सुटलंय, तळहाताएवढी जखम. खोलीला पंखा का नाही, म्हणून विचारलं. मी तक्ता दाखवला. त्यांनी हातातसुद्धा घेतला नाही. लोकांना अभ्यासाची किंमत नाही. जखम बघून मात्र मला खोलीबाहेर जावं लागलं.

२० एप्रिल
बहीण आली. बायकोनेच कळवलं असणार. उशाशी बसून राहिली, बाबांचा हात हातात घेऊन. मी मध्ये बोलायला गेलो तर हात वर करून गप्प केलं. बऱ्याच वेळाने बाबांचं वाक्य पुरं झालं.

"पंख्याचा कंडेन्सर गेलाय. पहिल्या दिवसापासून सांगतोय."

बहिणीने कोपऱ्यावरच्या दुकानातून कंडेन्सर आणला, वायरमनला घेऊनच आली. ताटातला कुठला भाग कुठे, ते बाबा एकेका बोटाने दाखवत गेले. तासाभरात पंखा गरगरायला लागला. माझी साफसफाई कामी आली, पण ते कोण बोलणार.

२१ एप्रिल
बहीण बाबांना आपल्या घरी घेऊन गेली. म्हटलं, पंखा झाला ना आता, मग कशाला? म्हणाली, "पंख्यासाठी नेत नाहीये." लहानपणापासून तोडून बोलते.

२६ एप्रिल
ऑफिसातून आलो की बाबांच्या खोलीत पडतो. वारा एक नंबर. आज बहिणीला फोन केला, तिने बाबांच्या कानाला लावला. बाबा "तू... तू..." करत राहिले. दोन मिनिटं थांबलो. खरंच थांबलो. शेवटी म्हटलं, हो बाबा, मस्त चाललाय पंखा, तुम्ही काळजी करू नका. आणि ठेवला.

वीस मिनिटांनी बहिणीचा मेसेज. बाबा पुढे बोलले होते: "तू एकदा येऊन जा. आता फार दिवस नाहीत."

मेसेज दोनदा वाचला. जाणार. रविवारी नक्की. हा रविवार जरा गडबडीचा आहे, पुढच्या.