राजूर घाटात नवे ब्रेक

अहो,

काल मी तुमची गाडी राजूर घाटातून खाली नेली. हो, मी! आणि जाण्याआधी तिला डिस्क ब्रेक बसवून घेतले. विचारायला तुम्ही नव्हतात, म्हणून आज लिहून सांगते. रागावलात?

मामंजींची गाडी. "जशी आली तशीच राहू दे," म्हणायचात. घाट उतरताना ब्रेकचे जुने ड्रम तापायचे, जळका वास यायचा. मग तुम्ही वळणावर थांबायचात. खाली धुक्यात शेतं तरंगत असायची, आपण बघत बसायचो. मला वाटायचं, कुठे पोचूच नये.

पण त्या श्रावणात ब्रेकचं पॅडल थेट तळाला गेलं! आपली माधवी मागे होती, दहा वर्षांची. तुम्ही गिअर पाडत, डोंगराला घासत गाडी थांबवलीत आणि हसलात. स्टिअरिंग घट्ट धरून ठेवलेले तुमचे हात मी पाहिले, तिनं फक्त हसू पाहिलं. त्यानंतर ती या गाडीत बसली नाही. लग्न होऊन सासरी गेली तीसुद्धा बसनं! तुम्हाला ते किती लागलं होतं. मग ब्रेक का नाही हो बदललेत?

आता ती मलकापूरला, सातव्या महिन्यात आहे. बाळंतपणाला इकडे आणायचं, तर बसचे धक्के नकोत, असं डॉक्टर म्हणाले. तुम्ही हे जग सोडून गेल्यावर भावजींनी मला चार महिन्यांत गाडी शिकवली होतीच. मी ती तुमच्या रशीद मिस्त्रीकडे नेली.

"वैनी, सायबाले मी हेच सांगून राह्यलो होतो," तो म्हणाला. "ड्रमची गरमी आतच कोंडते. डिस्कले हवा लागते."

एका नव्या छोट्या गाडीचे डिस्क ब्रेक त्यानं पुढच्या चाकांना बसवले. मागचे ड्रम तसेच आहेत, तेवढं तुमच्या शब्दाखातर. पॅडल मात्र जड झालंय. "पाय जोरानं द्या, भेऊ नका!" असं त्यानं बजावलं.

काल घाटात ढग रस्त्यावर उतरले होते. प्रत्येक वळणावर गाडी पायाखाली शांतपणे ऐकत होती. आपण तरंगतोय की काय, असं वाटलं.

मलकापूरला पोचले, तर गाडी पाहून माधवी घराच्या दारातच अडली. "मी नाई येत बाप्पा!"

"नको येऊ. नुसती बस."

बसली. गाडीचं दार ओढून घेत म्हणाली, "चाल. पण हळू."

गावाबाहेर मोकळ्या रस्त्यावर मी वेग दिला आणि ब्रेक दाबला. गाडी सरळ रेषेत उभी राहिली.

"आई, पुन्हा दाब."

तीनदा दाबायला लावलं हो तिनं! मग ती मागे टेकून बसली. घाट चढताना वळून पाहिलं, तर पोटावर हात ठेवून ती गाढ झोपली होती.

दोन महिन्यांनी बाळ येईल. बाळाला घेऊन ती परत जाईल, तेव्हा त्या उतारावर गाडी मीच घेईन. तुम्ही काळजी करू नका.

तुमची,
सुमन