कळकलेली कढी

म्हसावद,
१२ मे २०२५

अहो,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळे ठीक आहेत. आईंच्या पोटाला आता आराम पडला असेल. ऊन फार आहे, त्यांना दुपारचं शेतात जाऊ देऊ नका.

अखजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माहेरी आलेल्या मुली आपापल्या घरी गेल्या. गल्लीतल्या बाया विचारतात, तू कधी जाणार? मी म्हणते, शाळेला सुट्टी आहे, येतीलच हे घ्यायला. अखजीचं निमित्त करून तुम्ही मला इथे आणून टाकलंत, हे घराबाहेर कुणाला सांगितलेलं नाही. फोन तुम्ही उचलत नाही. माझा भाऊ राजेंद्रदादा प्रकाशा गावी आपल्या घरी आला, त्याला ओट्यावरूनच परतवून लावलंत. म्हणून हे पत्र.

त्या दिवशी कढी पिऊन आई ओकल्या आणि म्हणाल्या, "मन्हा जीववर उठनी शे ही." त्यांचं मी मनावर घेतलं नाही, त्या तळमळत होत्या. तुम्ही मात्र धडधाकट होतात, आणि चार माणसांत म्हणालात, "घराला कलंक आहेस तू."

तुम्ही मराठीचे मास्तर. लग्नानंतर पहिल्याच उन्हाळ्यात माझं ताक पितळेत कळकलं, तेव्हा तुम्हीच हसत शिकवलंत, की कळकणं हे कलंकातून आलं. कलंक म्हणजे डाग, धातूवर चढणारा गंजसुद्धा. मग जिथला शब्द तिथे जाऊन बघा ना. आईंच्या मोठ्या पितळी पातेल्याची कल्हई गेली आहे. आतून पांढरं हवं, ते पिवळं झालंय. आंबट ताक त्यात रात्रभर राहिलं. ते आईंनीच ठेवलं होतं, हे मला बोलायचं नव्हतं.

पण मी माझी बाजू मांडायला लिहीत नाही. आपल्या शेजारच्या कौसाबाई काल इथे म्हसावदला लेकीकडे आल्या. म्हणाल्या, "तुन्ही रुचिका रोज वकी ऱ्हायनी, माय. आजी कढी पाजस, पोटमा काही ऱ्हास नही."

तुम्हाला वाटतंय, पाच वर्षांची पोर आईच्या आठवणीने खात नाही. तसं असतं तर मला बरं वाटलं असतं.

अहो, तिला आजच शहाद्याला डॉक्टरकडे न्या, आणि पातेल्याचं सांगा. आईंनाही त्यातलं देऊ नका. चूक माझीच होती असं गावभर सांगायचं असेल तर सांगा, मी हो म्हणेन.

कौसाबाईंबरोबर मीही निघते आहे. पत्र त्या आत देतील. तुम्ही हे वाचाल तेव्हा मी ओट्याखाली उभी असेन. मला आत घेऊ नका हवं तर. पातेलं तेवढं बाहेर आणा.

कलंक म्हणा, काहीही म्हणा,
रुचिकाची आई