कथेतला भला नवरा

जुन्नर,
१ सप्टेंबर २००३

प्रिय रिंकू,

काल संवत्सरी झाली, पर्युषणाचा शेवटचा दिवस. उपवास होता, दुकान बंद ठेवलं. संध्याकाळी वर्षभराच्या चुकांचं प्रतिक्रमण करून सगळ्यांची हात जोडून क्षमा मागितली आणि घरी आलो. आज पारणं. त्याआधी तुझी कथा पुन्हा वाचली.

दिवाळी अंकाला पंधरा तारखेपर्यंत पाठवायची म्हणालीस, म्हणून लगेच लिहितो. मला कथेतलं कळत नाही. पण ती वेडी बाई म्हणजे तुझी आई, हे गल्लीत कोणीही ओळखेल. तुझी बाई केस सोडून किंचाळते, घरच्यांच्या अन्नात विष कालवते, शेवटी विहिरीत उडी घेते. आई न्यूमोनियाने गेली, तू उशाशी होतीस. तरी ती फाल्गुनात गेल्यापासून लोक मला हळूच विचारतात, कोणती विहीर.

आजाराच्या अकरा वर्षांत तिने कोणावर हात उगारला नाही. रोज तेल लावून अंबाडा घालायची. भांडी घासताना मध्येच थांबायची. दोन बायका आपल्यावर बोलत असतात म्हणायची, आता ताट घेतलं, आता वाटी घेतली. एकदा मला म्हणाली, "त्यांना दुसरं काम नाही का हो?" आणि स्वतःच हसली. बरे दिवसही होते. लेण्याद्रीच्या पायऱ्या ती तुझ्याआधी चढून वर बसली होती, आठवतं ना?

आईच्या वेगळ्या स्टोव्हचं तू खरं लिहिलंस. पण तो का आला, ते तुला माहीत नाही. तू तेव्हा पुण्याला होस्टेलवर होतीस. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या ती घेईना, म्हणून मी त्या कुटून तिच्या वरणात घालू लागलो. सहा महिने. तिला झोप लागू लागली, त्या बायकाही कमी बोलायला लागल्या. मला बरं वाटलं. एक दिवस तिने वाटी माझ्याकडे सरकवली. "ह्यात काहीतरी आहे. तुम्ही खाऊन दाखवा."

मी म्हणालो, "तुला भास होतायत."

त्यानंतर माझ्या हातचं तिने कधी खाल्लं नाही. गोळ्याही सुटल्या. स्वतःचा स्टोव्ह मांडला, पिठाच्या डब्याला कुलूप लावलं. दिवस मावळायच्या आत एकटी जेवायची.

दर संवत्सरीला मी तिच्यापुढे हात जोडून मिच्छामि दुक्कडम् म्हटलं. कशाबद्दल, ते एकदाही सांगितलं नाही. ती म्हणायची, "तुमचं काय चुकलंय?" काल ते विचारायला कोणी नव्हतं, म्हणून तुला सांगतो. कथा पाठव. तिचा अंबाडा तेवढा सोडू नकोस, विहीर काढ. आणि तो नवरा इतका भला ठेवू नकोस.

तिचा स्टोव्ह आज पेटवला. मुगाचं पाणी उकळलंय. उतरवतो, पारणं करतो, मग हे पोस्टात टाकीन.

तुझेच,
पप्पा