भोंगा झोपला त्याची हकीकत

तीर्थस्वरूप ताई,

तुला वाकून नमस्कार. (कंबर धरल्यामुळे निम्म्यातच थांबले, उरलेला प्रत्यक्ष भेटीत घालीन.) तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला काय म्हणतो? इकडचं विचारशील तर पाळणाघर सोमवारपासून बंद आहे, आमचे हे पायरीवर पाठ करून बसलेत आणि मला अन्न गोड लागत नाही. बाकी ठीक.

झालं असं, की मुलांच्या झोपायच्या खोलीच्या भिंती हातांच्या ठशांनी (आणि नाकांच्याही, पण ते असो) भरल्या होत्या, ते यांनी मनावर घेतलं. निवृत्त माणसाने काही मनावर घेतलं की घरच्यांनी गाव सोडावं. तीस वर्षं लोखंडी कपाटांच्या कारखान्यात फवाऱ्याने रंग मारलेला हा माणूस, भिंतीचा साधा रंग त्यांना पुळचट वाटतो. म्हणून कपाटाचा तेलरंग आणला, त्यात हात सैल सोडून थिनर ओतलं आणि शनिवार-रविवारात चारही भिंती पिवळ्याजर्द करून टाकल्या. ओल्या रंगावर धूळ बसू नये म्हणून खिडक्या लावून फटींत चिंध्या कोंबल्या. कारखान्यात तसंच करायचे म्हणे. (कारखान्यात दुपारी कोणी झोपायला येत नसे, हे मला तेव्हा सुचलं नाही.)

सोमवारी दार उघडलं तर माझे डोळे चुरचुरले. मी म्हटलं, वास येतोय. यांनी खोलीच्या मधोमध उभं राहून छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाले, "कसला वास? गेला की." रंगाच्या बाबतीत आमच्या घरात यांचा शब्द शेवटचा. मी माझ्या नाकाला गप्प बसवलं.

जेवणं झाल्यावर बाराही मुलं सतरंज्यांवर आडवी झाली आणि पाच मिनिटांत झोपली. त्यात भोंगासुद्धा! भोंगा म्हणजे अडीच वर्षांची एक चिमुरडी, आल्या दिवसापासून दुपारी डोळ्याला डोळा लागलेला नाही, आणि आवाज असा की शेजारी घड्याळं लावतात. ती भिंतीशी तोंड करून गाढ झोपली. ताई, मला काय वाटलं सांगू? आनंद झाला. मी चहा केला आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा शेवटच्या घोटापर्यंत गरम प्यायले.

तीन वाजता उठवायला गेले. कोणी डोकं धरून रडतंय, दोघांना उलट्या, आणि भोंगा उठेचना. हलवलं की डोळे उघडायची, पुन्हा मिटायची. तिला कडेवर घेऊन अंगणात धावले, हे बाकीच्यांना दोन-दोन करून बाहेर आणत होते. पंधरा मिनिटांनी तिने एकदाचं भोकाड पसरलं आणि मी तिथेच फतकल मारून बसले. कोपऱ्यावरचे डॉक्टर आले, सगळ्यांना तपासलं, मग मला तपासलं (तोंडाने). लहान मुलं मोठ्यांपेक्षा भरभर श्वास घेतात, वास कमी झाला म्हणजे हवा चांगली झाली असं नाही, खिडक्या सताड उघडा, आणि आईबापांना आजच्या आज सांगा, मुलांवर रात्रभर लक्ष ठेवायला हवं, म्हणाले. जाता जाता त्यांनी स्पिरिटचा बोळा यांच्या नाकाखाली धरला. हे म्हणाले, "कापूस आहे." चौसष्टाव्या वर्षी या माणसाला कळलं, की आपलं नाक कारखान्यातच राहिलं. तेव्हापासून घरभर हिंडून वस्तू हुंगताहेत. काल साबण, कांदा आणि माझी चप्पल. मला हसू आलं, मग फार वाईट वाटलं.

अकरा घरी मी सांगितलं. शिव्या खाल्ल्या, त्या माझ्याच होत्या. दोघांनी मुलं काढून घेतली. बारावी राहिली, भोंग्याची आई. ती शिवणकामाच्या कारखान्यातून थेट आली, आणि मी तोंड उघडायच्या आत आमचे हे बोलून गेले, की आज पोर तीन तास झोपली. बाईने माझे दोन्ही हात धरले. घरीही झोपत नाही, मी मशीनवर पेंगते, तुमचे उपकार कसे फेडू, म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. त्यानंतर मला सांगता आलं नाही.

तुझी धाकटी

ता. क. पाळणाघराची हकीकत एका ओळीतही लिहिता आली असती. खरं कारण हे, की तू ये. तू मुख्याध्यापिका होतीस, तुझ्यासमोर मला अजून खोटं बोलता येत नाही. रविवारी माझ्याबरोबर तिच्या घरी चल आणि नुसती शेजारी उभी राहा.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवायच्या आत तीच आली, पाळणाघर कधी उघडणार म्हणून. भोंगा कडेवर होता, ठणठणीत, केकाटत होता. मी सगळं सांगितलं. बाई ओरडली नाही. पोरीला घट्ट धरून पायरीवर बसली आणि एवढंच विचारलं, "त्या दिवशी मी तुमचे हात धरले, तेव्हा तुम्ही काय म्हणालात, आठवतं?"

आठवतं गं ताई. मी म्हणाले होते, "सवय लावावी लागते."