राजेंद्रच्या ट्रेलरची थरथर

४ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून रोजनिशी. नियम एक : फक्त धंद्याचं लिहायचं. नियम दोन : दीपकचं नाव काढायचं नाही. कशेडी घाटातल्या त्याच्या अपघाताला चार महिने झाले, विषय संपला.

सकाळी राजेंद्र ट्रेलर घेऊन आला. पुढचं डावं टायर एका बाजूने झिजतंय, एवढीच तक्रार. टायरवरून तळहात फिरवला, चाकांची अलाइनमेंट लावून दिली. पोलादपुरात नुसत्या हाताने अलाइनमेंट सांगणारा मी एकटा. मोजायचं गेज भिंतीवर आहे, पण शोभेला. चार वर्षांत प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नाही.

ट्रायल मारताना स्टिअरिंग थरथरलं. राजेंद्र म्हणाला, मला तर काय जाणवत नाय. ड्रायव्हर लोकांना काय कळतंय? गाडी ठेवून घेतली.

५ नोव्हेंबर
चाकं बॅलन्स केली. काम फत्ते.

दुपारी ट्रायल. थरथर आहेच.

चहा बशीत सांडला. ललिताला सांगितलं, हायवेवरून कंटेनर गेला की टेबल हलतं. ती म्हणाली, आत्ता कुठला कंटेनर गेला? बायकोला सगळ्यातच शंका.

६ नोव्हेंबर
पुढचे टायर डावीकडचे उजवीकडे केले. ट्रेलर दासगावपर्यंत नेऊन आणला. तीच थरथर, तळहातातून थेट कोपरापर्यंत. दीपकने अगदी असंच सांगितलं होतं. (नियम दोन मोडला. उद्यापासून कडक.)

त्याच्या ट्रकचं स्टिअरिंग मी धरलं तेव्हा हाताला काहीच लागलं नव्हतं. मनाचे खेळ आहेत, जा बिनधास्त, म्हटलं. घाटात पाऊस होता, वळण वाईट. सगळे तेच म्हणतात. म्हणजे मी म्हणतो, बाकीचे मान हलवतात.

७ नोव्हेंबर
स्टिअरिंगच्या टायरॉडचे सांधे उघडले. नव्यासारखे. तरी बदलले. मग अलाइनमेंट परत लावली, हातानेच.

राजेंद्र वैतागला. महाडहून पाइप भरायचे होते, ते दुसऱ्या गाडीत गेले. मालक फोनवर फोन करतोय. म्हणाला, सोडा की मिस्त्री, माझी नोकरी जाईल. मी सांगितलं, थरथरती गाडी माझ्या गॅरेजमधून परत कधी बाहेर जाणार नाही. हे 'परत' कुठून आलं कळेना. निघून गेलं तोंडातून.

दमून तो बाकावर बसला, दीपक बसायचा त्या टोकाला. मी त्याला उठवलं. बाक मोडकाय म्हणालो. बाक चांगला आहे. भूतबित मी मानत नाही.

८ नोव्हेंबर, सकाळ
दोष शाफ्टचा. शंभर टक्के.

दुपार
शाफ्टचा नाही.

९ नोव्हेंबर, शनिवार
ट्रायल मारून गाडी आवारात उभी केली. हात स्टिअरिंगवरच होते. थरथर थांबेना. राजेंद्रला म्हटलं, बघ, उभ्या गाडीतसुद्धा. त्याने हात लांबवून चावी फिरवली. इंजिन बंद झालं. थरथर चालूच.

माझा उजवा हात त्याने हळूच उचलला आणि माझ्याच मांडीवर ठेवला. तिथेही तेच.

ललिता जवळच उभी होती. म्हणाली, अहो, हे जुलैपासून आहे, तुम्ही ऐकता कुठे? मग आत जाऊन गेज घेऊन आली. प्लॅस्टिक तिनेच फाडलं, पट्टी राजेंद्रने धरली. मी फक्त आकडे वाचले. मी हाताने लावलेली अलाइनमेंट पाच मिलिमीटर चुकलेली. गेजवर बरोबर करून घेतली, बिलावर सही करून दिली. राजेंद्र पाया पडून गेला. नको म्हटलं होतं.

पुढची दोन चाकं मोजायला दहा मिनिटं लागतात. आज पहिल्यांदाच घड्याळ लावून बघितलं.

त्या दिवशी निघण्याआधी दीपक बाकावर अर्धा तास चहा पीत बसला होता.