ज्याचा नंबर त्याची चावी

ती. दिव्यानीताईस,

धाकट्या चुलत भावाचा, म्हणजे निकेशचा, वाकून नमस्कार.

तुझी पाठदुखी कशी आहे? हैदराबादच्या डॉक्टरने खुर्ची बदलायला सांगितली होती, ती बदललीस की अजून त्याच खुर्चीत बसून लोकांच्या कोडमधल्या चुका काढतेस? इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुझी आईही बरी आहे. 'मी बरी आहो म्हणून लिव्ह' असं काकूने मला दोनदा बजावलं, तेव्हा हे वाचून तू काळजीत पडली असशीलच. खरं तर फोनच केला असता, पण तुझ्या त्या शेऱ्यापासून आपलं बोलणं बंद आहे हे माझ्या लक्षात आहे (तुझ्या लक्षात नसेल, कारण बंद मीच केलं आणि तुला कळवलं नाही). म्हणून हे पत्र. गावी आलो की नेहमी करतो तसं तलावाच्या पाळीवर, रेंज मिळते त्या मोहाच्या झाडाखाली उभा राहून पाठवतो आहे.

आधी पार्श्वभूमी सांगतो, कारण गाव सोडलेली माणसं तोंडाने 'आमचा तलाव, आमचा तलाव' म्हणतात आणि नंबर कसा लागतो ते विसरतात. आपल्या मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावाचं दार एक. नंबर ज्याचा, चावी त्याची. तो आपल्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या खाचरांत, पाणी घेणार, दार लावणार आणि चावी तलाव समितीच्या देवाजीभाऊंच्या हातात आणून देणार, मग पुढचा. दुसऱ्याच्या नंबरात कुलपाला हात लावायचा नाही, मग तुमचं शेत जळो की बुडो. आपल्या आजोबांचं आपल्याच साळ्याशी याच कारणावरून मरेपर्यंत वैर होतं, आणि दोघेही त्याचा अभिमान बाळगून होते. यंदा तलाव समितीने दाराला मोटार लावली, तिच्याजवळ लोखंडी पेटीत एक छोटा कॉम्प्युटर बसवला, दाराचं कुलूप त्या पेटीला लावलं, आणि मोटारीला हुकूम देणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी नागभीडच्या घरी बसून पुण्याची नोकरी करतो, म्हणजे रिकामाच असतो, असं गावाचं मत आहे.

तो ड्रायव्हर मी रस्ट भाषेत लिहिला हे तुला ठाऊक आहे, पण किती सुंदर लिहिला हे तू कधी कबूल केलं नाहीस. मोटारीच्या थेट नाड्या दाबणारा भाग, म्हणजे 'अनसेफ', जिथे कोड तपासून घेणारा कंपायलर हात झटकून म्हणतो की आता तुझं तू निस्तर, तो मी एका कोपऱ्यात कोंडला. त्याच्या डोक्यावर नियमाप्रमाणे ओळ लिहिली की हे का चालेल आणि कशाच्या भरवशावर. बाहेरच्या जगाला दिसतं ते फक्त 'दार'. ते एका वेळी एकाच्याच हातात. दोघांनी धरायचा प्रयत्न केला तर प्रोग्राम तयारच होत नाही. आणि धरणाऱ्याने सोडलं की दार आपोआप बंद. आपल्या गावाची रीत मी कंपायलरला शिकवली होती, ताई. इतकंच नाही, एका दारावर दोन हात नकोत म्हणून हाताने फिरवायचं जुनं चाकसुद्धा मी कापून काढायला लावलं. (हे वाक्य लक्षात ठेवू नकोस.)

त्यावर तुझा शेरा काय, तर पहिलीच ओळ: 'आणि धरणाऱ्याने सोडलंच नाही तर?' शाबासकी नाही, काही नाही. तू पुढे असंही लिहिलंस की सोडायचं विसरणं रस्टच्या लेखी गुन्हा नाही, तेव्हा 'सोडलं की बंद होईल' यावर सुरक्षितता उभी करू नये. मी रागाने उत्तर दिलं की आपल्या गावात चावी परत न करणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे.

तो जन्मलेला होता. वामनराव.

यंदा पाऊस लवकर पाठ फिरवून गेला. धान निसवलं, लोंब्या बाहेर आल्या आणि बांध्यांना भेगा पडायला लागल्या. तलावात दोनच नंबरांचं पाणी उरलं होतं: आधी वामनराव, शेवटी तुझी आई. काकूचं शेत पार टोकाला, हे तुला सांगायला नको. तिथे पाणी पोचलं नाही तर लोंबी पोचट राहणार आणि वर्षाचा तांदूळ गेला. परवा सकाळी वामनरावांनी मोबाइलवरून दार उघडलं, पेटीचं कुलूप लावलं, चावी करदोट्याला बांधली. तेवढ्यात पोंभुर्ण्याहून फोन आला की पोरीला दवाखान्यात नेलंय. माणूस होता तसा मोटारसायकलवर बसला आणि जंगलाच्या रस्त्याला लागला. तिथे रेंज नाही. दार उघडं, चावी कमरेला, आणि पेटीतला प्रोग्राम वामनरावांच्या 'बंद कर' या हुकमाची वाट बघत दार घट्ट धरून बसलेला. कोणी काही चुकीचं करत नव्हतं. सगळे आपापल्या जागी अगदी सुरक्षित होते आणि पाणी वाहून नाल्याला जात होतं.

दुपारी मी पोचलो तेव्हा अर्धं गाव पाळीवर उभं होतं. पाण्याखालचे दगड एकेक करून उघडे पडत होते आणि सगळे तिकडेच बघत होते. मी माझ्या मोबाइलवरून दार मागितलं. माझ्याच ड्रायव्हरने मला सभ्यपणे सांगितलं की दार दुसऱ्याच्या हातात आहे. वीज तोडू म्हटलं तर बॅटरी पेटीच्या आत. पेटीला कुलूप. मी देवाजीभाऊंना म्हणालो की कुलूप फोडू. ते समितीचे अध्यक्ष, आणि माणूस भला, पण चेहरा असा झाला की मी जणू देवळातला दगड उपटायला निघालो होतो.

"नंबर वामनरावचा हाये," ते म्हणाले. "आज त्याचं फोडलं तं उद्या कोणाचंई फोडतीन. मंग कुलपाले अर्थ काय राह्यला?"

ताई, त्या क्षणी मला त्यांचा राग आला आणि लगेच लाजही वाटली, कारण त्याच रागाच्या उत्तरात याच अर्थाचं वाक्य मी तुला इंग्रजीत लिहून पाठवलं होतं. मी हातोडा हातात घेऊन उभा होतो आणि माझा हात उठत नव्हता. उठला असता तर मी शूर ठरलो असतो, पण खोटं कशाला लिहू? मी घाबरलो होतो.

काकू गर्दीच्या मागे होती. ती पुढे आली, माझ्या हातातून हातोडा घेतला, आणि देवाजीभाऊंना म्हणाली, "भाऊ, रीत मोडून नाई राह्यली मी. मी फोडून राह्यली, कोनं फोडलं ते लिहून ठेवा, वामनराव आला का मले इचारल." आणि तिसऱ्या घावाला कुलूप तुटून पडलं. देवाजीभाऊंनी खरंच कोळसा मागवला आणि पेटीच्या झाकणावर लिहिलं: 'नंबर वामनरावचा. दार बंद होत नव्हतं. कुलूप रंभाबाईनं फोडलं. जबाबदारी तिची.' मी तुझ्या पंथातला माणूस, अनसेफच्या डोक्यावर असल्या ओळी आयुष्यभर लिहीत आलो, पण इतकी नेटकी ओळ मला कधी जमली नाही.

पुढचं काम माझं होतं आणि ते अगदीच सोपं निघालं. लॅपटॉप जोडला, अडून बसलेला प्रोग्राम मारला, त्याच्या हातातलं दार सुटलं आणि ते खाली सरकून बंद झालं. 'बघा, सोडलं की बंद होतं म्हणालो होतो ना,' असं मी म्हणालोसुद्धा. लोक उघड्या पडलेल्या दगडांकडे बघत होते.

संध्याकाळी वामनराव पेढे घेऊन आले. नातू झाला. कोळशाची ओळ वाचली आणि पेढ्यांचा पुडा हातात तसाच राहिला. "माह्या नंबरात कुलूप फोडलं?" एवढंच म्हणाले, पण आवाज असा की माणसं दोन पावलं मागे सरली. मला वाटलं, आजोबांचं वैर पुन्हा सुरू. काकू म्हणाली, "मीच फोडलं. नातू कसा हाय? माय बरी हाय ना त्याची?" वामनरावांनी पाण्याकडे बघितलं, मग खाली बसले आणि रडले. पहिला पेढा त्यांनी काकूला दिला.

आता नवीन रचना, जी सोबत जोडली आहे. दार आता कोणाच्या हाती द्यायचंच नाही. मागणाऱ्याने फक्त सांगायचं, किती वेळ पाणी हवं. उघडणार ड्रायव्हर, लावणारही ड्रायव्हर, मधल्या वेळात मागणारा पोंभुर्ण्याला जावो की अहेरीला. वेळ संपली की दार बंद. सांभाळायला काही दिलंच नाही तर विसरणार काय? बाकी सर्व ठीक. पाठीला ऊन दे. वडिलांचा आशीर्वाद, आईचा नमस्कार (तुझ्या हुद्द्याला).

तुझा आज्ञाधारक (आजपासून),
निकेश

ता. क. तुझा शेरा बरोबर होता. हे मी ता. क. मध्ये लिहितो आहे, म्हणजे वर लिहिल्याइतकं धरू नये.

ता. क. २. खरं काम हे. तलावात आता एकाच नंबराचं पाणी आहे आणि तेही जेमतेम. नंबर काकूचा, उद्या सकाळी. समितीचं म्हणणं, जुन्या प्रोग्रामने दार उघडायचं नाही, आणि नव्या प्रोग्रामने उघडायचं तर निकेशच्या शब्दावर नाही. "ज्या पोरीनं आधी इचारलं होतं, तिले इचार," देवाजीभाऊ म्हणाले. चाक मी कापलेलं आहे. तेव्हा जोडलेलं सगळं आजच वाच आणि 'चालेल' किंवा 'नाही' एवढंच कळव. यात आणखी चूक असली आणि दार अर्ध्यात अडकलं तर पाणी काकूचंही नाही आणि कोणाचंच नाही. उघडलंच नाही तर तिचं धान चार दिवसही धरणार नाही. मला यात चूक दिसत नाही, पण मागच्या वेळीही दिसली नव्हती.

ता. क. ३. पत्र संपवून काकूला वाचून दाखवलं. पेढ्याचा भाग आला तिथे हसली. मग म्हणाली, हे एक लिव्ह: "तिले सांग, मायचं वावर हाय म्हणून वाचू नोको. दुसऱ्याचं समजून वाच. चूक दिसली तं नाई म्हण. धान मी पुढच्या साली पेरन."