अव्वाने माळवदावर ठेवलेल्या बाटल्या

अप्पा, लिहायला इतकी वर्षं लावली याचा राग धरू नका. तुम्ही गेल्यापासून सांगायचं पुष्कळ साठलं होतं, पण गेलेल्या माणसाला पत्र लिहितो म्हटलं तर लोक हसतील, म्हणून राहून गेलं. शिवाय माझं शिक्षण तुम्हाला ठाऊकच आहे. उर्दू शाळेतल्या चार यत्ता, आणि मराठी अक्षरं तुम्ही ओट्यावर कोळशाने काढून शिकवलीत तेवढीच. पण आज लिहिल्यावाचून जिवाला चैन पडणार नाही. परवा धाकटे सरकार येतायत. लढाई संपली, आगबोटी सुरू झाल्या, आणि विलायतेला डॉक्टरी शिकायला म्हणून गेलेले आपल्या जहागीरदारांचे चिरंजीव शेवटी परत निघालेत. गुलबर्ग्याच्या स्टेशनावर बग्गी पाठवायची आहे. थोरले सरकार आता काठीशिवाय उठत नाहीत. काल मला बोलावून एवढंच विचारलं, "त्या बाटल्या हायत ना?" मी म्हणालो, "हायत." आहेत खऱ्या. पण चांगल्या आहेत का, असं विचारलं असतं तर काय सांगणार होतो?

सरकारांच्या कोठीवरचं तुमचं आबदाराचं काम तुमच्यामागे मीच करतो आहे. रांजणातलं पाणी गार राखायचं, सरबतं करायची आणि तळघरातली विलायती द्राक्षाची दारू सांभाळायची. आपल्या घरात दारूचा थेंब कुणी तोंडाला लावला नाही, आणि दोन पिढ्या आपण तीच सांभाळत बसलो. तुम्ही मला पहिल्यांदा खाली नेलंत तो दिवस आठवतो. वर उन्हाने दगड तापलेला, आणि खाली लाल जांभ्यात खोदलेली ती खोली विहिरीच्या तळासारखी गार. तुम्ही भिंतीला गाल लावून उभे राहिलात. म्हणालात, "हात लबाड असतोय, गालाला कळतंय." मी पुसायला म्हणून एक बाटली उचलून उभी केली, तर तुम्ही माझं मनगट धरलंत. "उभी कामून केलास? आडवी असली म्हंजे बूच भिजून ऱ्हातंय. बूच वाळलं की हवा आत जाती, मग आंबट सिरका होतोय त्याचा." दिवाही तुम्ही माझ्या हातातून घेऊन लांब पायरीवर ठेवलात, तिला उजेड सोसत नाही म्हणून. उन्हाळ्यात झरोक्याला ओलं पोतं, पावसाळ्यात पोतं काढून झरोका बंद. तळघराच्या वरच्या अंगणात मिरची कुटायला तुम्ही बंदी केलीत, हादऱ्याने तळाचा गाळ वर येतो म्हणून. स्वयंपाकघरातल्या बायका तुम्हाला म्हणायच्या, "तुमची दारू बाळंतीण झाली काय हो आबदार?" तुम्ही म्हणायचात, "व्हय, आणि सव्वा महिना कवाच संपंना तिचा."

आणि मग ते पेटीचं झालं. तळघराला चुना द्यायचं काम निघालं होतं, आणि नेमकी तेव्हाच मुंबईहून बाटल्यांची पेटी आली. चुन्याच्या वासात ठेवायची नाही म्हणून तुम्ही ती बैलगाडीत गवत घालून आपल्या घरी आणलीत, स्वयंपाकघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ओल्या पोत्याखाली ठेवलीत, आणि आपण बापलेक कोठीवर गेलो. परत येतो तर माळवदावर अव्वाच्या कुरडया वाळतायत, आणि त्यांच्या शेजारी धोतर अंथरून सगळ्या बाटल्या उन्हात ओळीने उभ्या. मी तर शिडीवरच थांबलो. मला वाटलं आता तुम्ही ओरडणार. पण तुम्ही डोक्याचं पागोटं सोडून बाटल्यांवर पांघरलंत, आणि मग एकेक खाली माझ्या हातात दिलीत. काही गरम लागत होत्या. एकीचं बूच वर आलं होतं आणि लाल ओघळ काचेवर सुकला होता.

अव्वा खाली उभी होती. म्हणाली, "पोत्याची ओल लागली होती त्येला. वर्साचं साठवण, ऊन दाखवावं म्हटलं, न्हाईतर बुरा चढंल."

"बुरा न्हाई चढत त्येला."

"मग सांगायचं होतं की. तसल्या वस्तूला हात लावायचा न्हाई म्हणून पदरानं धरून एकेक वर नेली मी. घरात आणून ठिवलाव, सांगितलाव व्हय काही?"

 तुम्ही म्हणालात, "न्हाई सांगितलो. माझं चुकलं." अव्वाला तुम्ही असं म्हटल्याचं मी तेवढं एकदाच ऐकलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही सरकारांना सगळं सरळ सांगून टाकलंत. मी मागे उभा होतो. नोकरी जाणार असंच धरून चाललो होतो. सरकार म्हणाले, "शराब के पापड सुकाये क्या?" आणि खोकला येईपर्यंत हसले.  धाकटे सरकार त्याच आठवड्यात निघायचे होते. हसून झाल्यावर थोरले सरकार म्हणाले, या बाटल्या पाहुण्यांना काढू नका. पोरगं ऊन नसलेल्या मुलखात चाललंय, परत येईल त्या दिवशी आपलं ऊन लागलेलीच पिऊ दे. तेव्हापासून त्या मागच्या फळीवर वाळूत आडव्या पडून आहेत. टिकतील का, असं मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "ते मला म्हाईत न्हाई. सांभाळायचं काम आपलं."

पण अव्वाचं तसं नाही अप्पा. सरकार हसले हे सांगितलं तेव्हा ती हसली नव्हती. दर उन्हाळ्यात कुरडया घालताना ती मला विचारते, बऱ्या हायत का त्या? आता तिला नीट दिसत नाही, कुरडया सुना घालतात, तरी विचारते. धाकटे सरकार येणार हे कळल्यापासून तर रोजच. "चांगली निघंल का रं? न्हाई निघाली तर म्हणतील, आबदाराच्या बायकूनं नासवली."

मी म्हणालो, "सरकार तसं म्हणायचे न्हाईत अव्वा. तू घोर करू नको."

"मग तू उठला की सुटला तळघरात कामून जायलास?"



आज सकाळी पुन्हा गेलो. काही बाटल्यांतली दारू गळ्याच्या खाली उतरली आहे, त्यांची मला आशा नाही, त्या बाजूला केल्या. पण भिंतीकडच्या दोन अजून गळ्यापर्यंत भरलेल्या आहेत. त्यातल्या एकीच्या बुचाच्या कडेला लाल थेंब होता. ओला. एरवी मी फडक्याने पुसला असता. आज बोटावर घेतला आणि अप्पा, जिभेला लावला. उभ्या जन्मात पहिल्यांदा. मग कितीतरी वेळ पायरीवर बसून होतो. सिरका नव्हता. सिरक्याची चव मला कळते. तुरट होती, कच्च्या जांभळासारखी, आणि मागून जराशी गोड. अशीच असते का? तुम्हाला तरी कुठून ठाऊक असणार. पण आंबट नव्हती एवढं मी शपथेवर सांगतो.

हे अव्वाला सांगितलं तर तिचा जीव आजच भांड्यात पडेल. पण सांगायचं म्हणजे चाखली हे सांगावं लागतं, आणि या वयात तिच्यापुढे ते माझ्या तोंडून निघत नाही. हे पत्र डाकेत कुठल्या नावाने टाकू? घडी करून पाण्याच्या रांजणाखाली ठेवतो आहे, तुमची पितळी पळी असायची तिथे. परवा गाडी येईल, बूच निघेल, मग सगळ्यांना कळेलच. पण तोवर दोन दिवस तिने घोर करत बसू नये. तुम्ही तिच्या स्वप्नात या आणि चांगली आहे म्हणून सांगा. तुम्हाला कुणी सांगितलं ते मात्र बोलू नका. लवकर कळवा अप्पा. मला नाही कळवलंत तरी चालेल, तिला कळवा.